मोजणीत न आलेली माणसं : दिव्यांगांच्या शिरगणतीची दीडशे वर्षं

आजचा विषय आकड्यांचा आहे, पण आकडा म्हटलं म्हणून कोणी रेडिओ बंद करू नका. बचतगट चालवणाऱ्या बाईला आकडे काही नवे नाहीत. कोणाचा हप्ता राहिला, कोणावर व्याज किती चढलं, हे आपण वही न उघडता सांगतो. आज ज्या आकड्याबद्दल बोलायचं आहे तो असा : आपल्या देशात दिव्यांग माणसं किती?

सरकारी उत्तर आहे २ कोटी ६८ लाख. हे २०११ च्या जनगणनेचं उत्तर. शंभर माणसांमागे दोनांहून थोडी जास्त, बरोबर सांगायचं तर २.२१ टक्के. आता तुमच्या गल्लीतली नाहीतर मळ्यातली शंभर माणसं डोळ्यांसमोर आणा. मोतीबिंदूने अंधुक झालेली आजी, काठी टेकत चालणारे आजोबा, लहानपणी पोलिओ झालेला भाऊ, शाळेत न बसणारं पोर. मोजून दोनच होतात का?

आम्ही मनमाडमध्ये आणि नांदगाव तालुक्यातल्या खेड्यांत गटांचं काम करतो. बैठकीत "घरात अपंग कोणी आहे का?" असं विचारलं तर एखादा हात वर होतो, तोही अर्धा. त्याच बैठकीत "चष्मा लावूनही नीट दिसत नाही असं कोणी आहे का? पायऱ्या चढवत नाहीत असं कोणी? शेजारून हाक मारली तरी ऐकू येत नाही असं कोणी?" असं विचारलं की बाया बोलायला लागतात. कोणी सासूबाईंचं सांगते, कोणी दिराचं, कोणी हळूच स्वतःचं. घरं तीच, माणसं तीच, फक्त प्रश्न बदलला.

आपल्या आज्या धान्य पायलीने मोजायच्या. कोणाची पायली मोठी, कोणाची लहान. ढिगातलं धान्य तेवढंच, पण माप बदललं की आकडा बदलायचा. दिव्यांगांच्या मोजणीचं दीडशे वर्षं हेच होत आलं आहे. ही गोष्ट जुनी असली तरी आपल्या कामाची आहे, कारण पुढची मोजणी आता तोंडावर आली आहे.

कंदिलाच्या उजेडात

इंग्रज सरकारने १८७२ साली हिंदुस्थानाची पहिली मोठी शिरगणती केली. ती सगळीकडे एकाच वेळी झाली नाही. सगळ्या मुलखात एकाच रात्री झालेली पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ ची. तेव्हा जोतीराव आणि सावित्रीबाई हयात होते, इतका हा काळ जुना. त्या रात्री गावोगाव मोजणीदार कंदील घेऊन घराघरांत फिरले. पुढच्या मोजण्याही बरीच वर्षं अशाच एका रात्रीत व्हायच्या. रेल्वे स्टेशनवर थांबलेले आणि गाडीत बसलेले प्रवासीसुद्धा मोजले जायचे. मनमाडसारख्या जंक्शनच्या गावात राहणाऱ्यांना ते काम केवढं असेल याचा अंदाज येईल.

त्या कागदावर नाव, वय, धर्म, जात, धंदा यांच्याबरोबर एक रकाना होता व्यंगाचा. त्यात चारच गोष्टी लिहायच्या : वेड लागलेला, जन्मापासून मुका-बहिरा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, आणि महारोगी, म्हणजे आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो तो झालेला माणूस. बस, एवढंच.

हात नसलेला माणूस त्यात नव्हता. पाय मोडून घरी बसलेली बाई नव्हती. म्हातारपणी बहिरं झालेलं माणूस नव्हतं, कारण रकाना जन्मापासूनच्या मुक्या-बहिऱ्यांचा होता. एका डोळ्याने आंधळं असलेलं माणूसही नव्हतं. अंगावर पांढरे डाग, म्हणजे कोड असेल तर ते महारोगात धरायचं नाही, अशी वेगळी सूचना द्यावी लागायची. लोक दोन्हीत घोळ करायचे. तो घोळ अजून आपल्या गावांतून गेलेला नाही.

हे चारच का? इंग्लंडात १८५१ पासून शिरगणतीत आंधळे आणि मुके-बहिरे विचारायला सुरुवात झाली होती, १८७१ ला मनाने आजारी असलेल्यांची भर पडली. तिकडचा कागद इकडे आला आणि त्याला महारोग जोडला गेला. महारोगाची सरकारला आणि गोऱ्या लोकांना फार भीती होती. माणसाला रोजच्या जगण्यात काय अडतं, हा तो प्रश्न नव्हताच. कोणाला वेगळं ठेवावं लागेल, कोणासाठी इस्पितळ बांधावं लागेल, असा तो प्रश्न होता. मुंबईत १८९० साली महारोग्यांसाठी मोठं आश्रयस्थान उघडलं, तेच पुढे वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय. १८९८ साली महारोग्यांचा कायदा आला आणि भीक मागणाऱ्या महारोग्याला धरून अशा ठिकाणी ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आता सांगा, कंदील घेऊन आलेल्या माणसाला कोणती आई सांगेल की माझ्या लेकीच्या बोटांना झिणझिण्या येतात?

त्या काळच्या अहवालांत महारोगी म्हणून नोंदलेल्या बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच कमी आहेत. बायकांचा आजार घरातच झाकला जातो, हे त्या साहेबांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

चुलीचा धूर आणि छप्पन्नचा दुष्काळ

एका रकान्यात मात्र उलटं होतं. आंधळ्यांमध्ये बायका जास्त होत्या. युरोपात आंधळ्यांमध्ये पुरुष जास्त आणि हिंदुस्थानात बायका जास्त, याचं त्या अधिकाऱ्यांना नवल वाटलं. त्यांनी जी कारणं लिहिली त्यातलं एक होतं कोंदट घरातल्या चुलीचा धूर. शंभर वर्षांहून जास्त काळापूर्वी सरकारी कागदावर हे कारण आलं होतं. बाईच्या डोळ्यांतलं पाणी सरकारला दिसलं, पण घरोघरी गॅसची शेगडी यायला पुढे किती वर्षं लागली ते आपल्याला माहीत आहे. नुसतं मोजलं की काम होतं असं नाही, हे पण इथेच समजून घेऊ.

१९०१ ची मोजणी आणखी एक गोष्ट शिकवते. तिच्या आधी १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला होता. तोच छप्पन्नचा दुष्काळ. आपल्या नाशिक-नगर-खानदेशाच्या बाजूला त्याची आठवण अजून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येते. १९०१ च्या आकड्यांत व्यंग असलेली माणसं आधीपेक्षा खूप कमी निघाली. वरवर पाहिलं तर चांगली बातमी. पण अहवाल लिहिणाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला तो असा : दुष्काळात आधी मेली ती हीच माणसं. ज्याला खडी फोडायला जाता येत नाही, ज्याला अन्नछत्रापर्यंत चालवत नाही, ज्याच्या तोंडात दुसऱ्याने घास घालावा लागतो, तो पहिला गेला.

दुसरं कारण कारकुनी होतं. त्या वर्षी प्रत्येक माणसाची माहिती वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून मग चिठ्ठ्या मोजायची नवी पद्धत आली. उतरवताना व्यंगाची नोंद कित्येकदा राहून गेली. १९११ ला त्या कामाकडे नीट लक्ष दिलं तेव्हा आकडा पुन्हा वर गेला. म्हणजे आकडा खाली आला तर दोन अर्थ निघतात. माणूस मेला असेल, नाहीतर लिहायचा राहिला असेल. बरा झाला, असं लगेच धरून चालायचं नाही.

१९३१ पर्यंत हा रकाना टिकला. दर दहा वर्षांनी अधिकारी लिहायचे की हे आकडे भरवशाचे नाहीत, मोजणीदाराला आजार ओळखता येत नाही, घरचे लोक सांगत नाहीत. १९४१ ला दुसरं महायुद्ध चालू होतं, पैसा नव्हता, मोजणीच आटोपती घेतली. तेव्हा हा रकाना गेला.

स्वातंत्र्यानंतरची गप्प वर्षं

आपलं सरकार आलं. १९५१, १९६१, १९७१ अशा तीन जनगणना झाल्या आणि एकीतही हा प्रश्न विचारला गेला नाही. तीस वर्षं देशाला आपली दिव्यांग माणसं किती आहेत हे जनगणनेतून कळलंच नाही. याच काळात पोलिओने कित्येक लेकरांचे पाय नेले. याच काळात आपल्या महाराष्ट्रात बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं आणि शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन चालवलं. माणसं होती, काम करणारेही होते. मोजणी नव्हती.

१९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा हा प्रश्न परत आला. घरांची यादी करतानाच तीन गोष्टी विचारल्या : पूर्ण आंधळं कोणी आहे का, पूर्ण पांगळं आहे का, पूर्ण मुकं आहे का. इथे "पूर्ण" हा शब्द नीट ऐका. थोडं दिसतं, थोडं चालता येतं, तोंडातून दोन शब्द निघतात, तो माणूस यात बसलाच नाही. मनाचा आजार नाही, बुद्धीचं मागेपण नाही, ऐकण्याचा वेगळा प्रश्न नाही. सगळ्या देशात मिळून आकडा निघाला साधारण ११ लाख १९ हजार.

त्याच वर्षी सरकारच्याच दुसऱ्या खात्याने, राष्ट्रीय नमुना पाहणीने, निवडक घरांत जाऊन सविस्तर चौकशी केली. दिसणं, ऐकणं-बोलणं आणि हालचाल यांत किती अडचण आहे ते विचारलं. त्यांचा अंदाज निघाला १ कोटी २० लाख. एकच देश, एकच वर्ष, एकच सरकार. एका कागदावर ११ लाख आणि दुसऱ्यावर १ कोटी २० लाख. दहापटीहून जास्त फरक. मधली १ कोटीहून जास्त माणसं त्या "पूर्ण" या एका शब्दात बुडाली.

१९९१ ला तर प्रश्न पुन्हा काढून टाकला.

मोजा म्हणून भांडलेली माणसं

पुढचा बदल आपोआप झाला नाही. १९९५ साली अपंग व्यक्तींचा कायदा झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सरकारी नोकरीत ३ टक्के जागा आल्या, शिक्षणाचा हक्क आला. पण जागा काढायच्या तर माणसं किती ते माहीत पाहिजे. २००१ ची जनगणना जवळ आली तरी प्रश्नपत्रिकेत दिव्यांगांचा प्रश्न नव्हता. तेव्हा दिव्यांगांच्या संघटना उभ्या राहिल्या. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेले दिल्लीचे कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांचे साथी सरकारच्या मागे लागले. आम्हाला मोजा, एवढीच मागणी. अखेर तो प्रश्न आला, पंधराव्या क्रमांकावर.

२००१ चा आकडा निघाला २ कोटी १९ लाख, म्हणजे २.१३ टक्के. या वेळी पाच प्रकार होते : दिसणं, बोलणं, ऐकणं, हालचाल आणि मानसिक.

२०११ ला प्रश्न पंधराव्यावरून नवव्या क्रमांकावर आला. मोजणीदार आणि सांगणारा दोघंही कंटाळायच्या आत विचारला जावा म्हणून. प्रकार आठ झाले. मतिमंदत्व आणि मनाचा आजार वेगळे केले. एकाच माणसाला दोन-तीन अडचणी असतील तर त्याचा रकाना आला, आणि "इतर" असाही एक आला. आकडा २ कोटी ६८ लाखांवर गेला.

आता आतले आकडे बघा, इथे खरी गंमत आहे. २००१ ला दिसण्याची अडचण असलेली माणसं होती १ कोटी ६ लाख. २०११ ला ती झाली ५० लाख. दहा वर्षांत अर्ध्या लोकांना दिसायला लागलं का? नाही. २००१ ला एकाच डोळ्याने नीट दिसणारा माणूस मोजला होता, २०११ ला तो वगळला. ऐकण्याचं उलटं झालं. २००१ ला ऐकू न येणारे १२ लाख ६० हजारांच्या आसपास होते, २०११ ला ५० लाखांच्या वर गेले. २००१ ला कानात यंत्र लावून ऐकू येत असेल तर त्या माणसाला धरलं नव्हतं, २०११ ला धरलं. सगळा फरक एवढ्या एका कारणाने पडला असं आम्ही म्हणणार नाही. मोजणीदारांना शिकवलंही जास्त चांगलं होतं. पण पायली बदलली होती, हे नक्की.

आपल्या महाराष्ट्राचं बघू. २००१ ला राज्यात १५ लाख ७० हजारांच्या आसपास दिव्यांग होते, २०११ ला २९ लाख ६३ हजार. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. राज्याची लोकसंख्या त्या दहा वर्षांत ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली, म्हणजे ती काही दुप्पट झाली नाही. ही जास्तीची माणसं आभाळातून पडली नाहीत. त्यातली बरीच २००१ लाही आपल्यातच होती, फक्त कागदावर नव्हती.

बायका कमी का?

२०११ च्या मोजणीत देशातल्या पुरुषांत दिव्यांग निघाले २.४१ टक्के आणि बायकांत २.०१ टक्के. २०१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीने पुन्हा विचारलं, तेव्हाही पुरुष २.४ आणि बायका १.९.

पुरुषांना अपघात जास्त होतात, रस्त्यावर आणि यंत्रांवर ते जास्त असतात, हे खरं. पण बायका जास्त वर्षं जगतात. म्हातारपणाचे गुडघे, म्हातारपणाचे डोळे बायकांच्या वाट्याला जास्त येतात. तरी बाई कमी का? गावात फिरताना आम्हाला जे दिसतं ते सांगतो.

पहिलं, विचारणारा येतो तेव्हा उत्तर बहुतेक वेळा घरचा कर्ता पुरुष देतो. बाईला काय होतंय ते त्याला माहीत असतंच असं नाही. दुसरं, लग्नाची मुलगी. तिला कमी ऐकू येतं हे कागदावर गेलं तर सोयरीक मोडेल, ही भीती. तिच्या धाकट्या बहिणीचंही जमणार नाही, ही दुसरी भीती. तिसरं, बाईचं दुखणं हे दुखणंच नसतं. कंबर धरून कांद्याच्या चाळीत दिवसभर कांदा निवडणारी बाई चालत नाही, सरकते. पण स्वयंपाक होतोय ना, मग काय झालंय तिला? जी काम करते ती आपल्या हिशेबात धडधाकटच. चौथं, आपणच नावं ठेवतो. आंधळी, लंगडी, बहिरी, येडी. कित्येक बायांचं खरं नाव गावाला माहीत नसतं, व्यंग हेच नाव होऊन बसतं. असं नाव कोण आपल्या हाताने कागदावर लिहून घेईल? गेल्या दहा वर्षांत सरकारी कागदावर "अपंग" जाऊन "दिव्यांग" शब्द आला. शब्द बदलला ते ठीक. हाक मारायची पद्धतही बदलायला हवी.

जगात काय विचारतात?

जागतिक आरोग्य संघटना २०२२ साली म्हणाली की जगात १३० कोटी माणसं दिव्यांग आहेत, म्हणजे शंभरात सोळा. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशाने २०१८ ला पाहणी केली तर शंभरात जवळजवळ अठरा निघाले. आपल्याकडे दोन. आपण काही त्यांच्यापेक्षा आठ-नऊ पटींनी धडधाकट नाही. त्यांच्याकडे म्हातारी माणसं जास्त आहेत हे एक कारण. दुसरं म्हणजे ते रोजच्या अडचणी विचारतात.

वेगवेगळ्या देशांची मोजणी एकमेकांशी ताडून बघता यावी म्हणून २००१ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने आकडेतज्ज्ञांचा एक गट तयार झाला, त्याला वॉशिंग्टन गट म्हणतात. त्यांनी सहा साधे प्रश्न काढले. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? यंत्र लावूनही ऐकायला अडचण येते का? चालायला किंवा पायऱ्या चढायला? आठवायला किंवा एका कामात लक्ष ठेवायला? अंघोळ, कपडे घालणं अशी आपली आपण कामं करायला? आपल्याच भाषेत दुसऱ्याला समजावून सांगायला किंवा दुसऱ्याचं समजून घ्यायला? उत्तरं चार : काही अडचण नाही, थोडी अडचण आहे, खूप अडचण आहे, अजिबात जमत नाही. सहांपैकी एकाला जरी "खूप" किंवा "अजिबात जमत नाही" असं उत्तर आलं तर ते माणूस मोजायचं.

यात अपंग किंवा दिव्यांग हा शब्द कुठेही येत नाही, हे लक्षात घ्या. माणसाला स्वतःला काही म्हणवून घ्यावं लागत नाही. काय जमतं आणि काय नाही, एवढंच सांगायचं. त्यामुळे लाज आड येत नाही.

आपलं यात काय अडलंय?

कोणी म्हणेल, आकडा दोन असो की सोळा, आपल्या घरातल्या आजीला काय फरक पडतो? पडतो, बायांनो.

२०१६ साली नवा कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जुन्या कायद्यातले सात प्रकार जाऊन एकवीस झाले. त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाया आहेत, स्वमग्न मुलं आहेत, शिकण्यात अडचण येणारी मुलं आहेत, बुटकेपणा आहे, म्हातारपणी हात कापतात तो पार्किन्सन आहे. नोकरीतल्या जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाल्या. आपल्या ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा आपल्या राज्याचा नियम आहे. २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग आहे. पण ग्रामसभेत "गावात दिव्यांग किती?" असं विचारल्यावर दोन नावं निघाली तर पाच टक्के कुठे जातील? दोन नावांपुरतेच. बाकीच्यांसाठी ना उतरंड बांधली जाईल, ना कोणाला चाकाची खुर्ची मिळेल.

एक घोळ मात्र करू नका. जनगणनेत नाव लिहिलं म्हणून दाखला मिळत नाही. जनगणनेतली माहिती १९४८ च्या कायद्याने गुप्त राहते. ती ना सोयरीक जुळवणाऱ्याला कळते, ना शेजाऱ्याला, ना दुसऱ्या सरकारी कचेरीला. तिच्यावरून फक्त एकूण आकडे निघतात. दाखल्यासाठी वेगळं जावं लागतं. सरकारी रुग्णालयात डॉक्टर तपासतात, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर योजनांचा लाभ मिळतो, आणि युडीआयडी नावाचं कार्ड निघतं. संजय गांधी निराधार योजनेसारख्या ठिकाणी दिव्यांग म्हणून अर्ज करायचा तर हाच दाखला मागतात. २०१८ च्या पाहणीत दिसलं की देशातल्या दिव्यांगांपैकी जेमतेम २८.८ टक्के लोकांकडे दाखला होता. शंभरातल्या एकाहत्तर जणांकडे नव्हता. जिल्ह्याच्या गावाला एक खेप म्हणजे त्या माणसाचं भाडं, सोबत जाणाऱ्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी. त्यातून "आज डॉक्टर नाहीत, पुढच्या बुधवारी या" असं ऐकून परत आलेल्या बाया आमच्या गटांत आहेत. दुसऱ्यांदा कोण जाईल?

म्हणून आमचं म्हणणं असं की मोजणीचं काम सरकारचं असलं तरी तयारीचं काम आपलं आहे. २०२१ ची जनगणना करोनामुळे राहिली. २०११ साली जन्मलेली मुलगी आता दहावीच्या आसपास आली, तरी देश अजून तिच्या जन्माच्या वर्षाचाच आकडा वापरतो आहे. आता जनगणना जाहीर झाली आहे. आधी घरांची यादी, मग फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी, आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. त्याआधी प्रत्येक गटाने चार कामं करावीत.

एक, पुढच्या बैठकीत हे सहा प्रश्न मोठ्याने वाचा. प्रत्येकीने आपल्या घरातल्या एकेका माणसाबद्दल मनात उत्तर द्यावं. सगळ्यांसमोर बोलायची सक्ती कोणावर नको. दोन, मोजणीदार आला की घरातली बाई समोर बसली पाहिजे. मोजणीदार म्हणून येणारे बहुतेक शिक्षकच असतात, आपल्याच मुलांचे गुरुजी आणि बाई. त्यांनी दिव्यांगांचा प्रश्न घाईत सोडला तर "बाई, तो प्रश्न राहिला" असं सांगायला लाजायचं नाही. तीन, "पूर्ण आंधळी नाही, मग नाही" असं स्वतःच ठरवू नका. जी अडचण आहे ती सांगा, कुठल्या रकान्यात बसवायची ते त्यांना ठरवू द्या. सासूबाईंची सांगा, शाळा सुटलेल्या पोराची सांगा, मनाच्या आजाराने कोपऱ्यात बसलेल्या नणंदेची सांगा. आणि स्वतःचीही सांगा. चार, ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांची नावं गटाच्या वहीत त्यांना विचारून लिहा, आणि एकाच दिवशी, एकाच गाडीने, दोन-तीन गटांनी मिळून त्यांना तपासणीला न्या. आधी फोन करून डॉक्टर आहेत का ते विचारून घ्या. एकटीला परत पाठवणं सोपं असतं, वीस जणींना नाही.

गटाची वही लिहिताना आपण एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही. तो रुपया कोणाच्या तरी घामाचा आहे, हे आपल्याला माहीत असतं. पुढच्या वेळी देशाची वही लिहिली जाईल तेव्हा आपल्या घरचं माणूस त्यातून सुटणार नाही, एवढं बघू या. या विषयावर तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात दाखल्याच्या तपासणीला जाताना कोणते कागद बरोबर न्यायचे ते सांगू.